हवा कुणाच्या हवाली?



२०२५ च्या जून-जुलैत शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर जाऊन आले, तेव्हा आमच्या घरच्या व्हॉट्सअॅप समूहात सरळ दोन तट पडले. एका तटाला अभिमानाचं भरतं आलेलं. तिरंगे काय, फुगे काय, रॉकेट उडतानाचा तोच व्हिडिओ सात जणांनी सात वेळा पाठवला. दुसऱ्या तटाचं म्हणणं, इथं नळाला आठ-आठ दिवस पाणी येत नाही आणि यांना आभाळात जायचंय! समूहात दोन ओळींपेक्षा जास्त लिहिलं की कुणी वाचत नाही, अंगठा दाखवून मोकळे होतात. म्हणून मी तिथं गप्प बसलो. इथं माझंच घर आहे, इथं सविस्तर भांडतो.

माझं भांडण दोन्ही तटांशी आहे. दोघांनीही फक्त रॉकेट पाहिलं. तो माणूस अठरा दिवस त्या बंद डब्यात कोणती हवा श्वासात घेत होता, हे एकानंही विचारलं नाही. मी विचारलं तर एका शिकल्या-सवरल्या पुतण्याचं उत्तर आलं, "काका, सिलिंडर असतात ना तिथं." म्हणजे प्रश्न मिटला! मी मराठी माध्यमातला बी. ए., पण खेड्यातल्या शाळेत मास्तरला सगळंच शिकवावं लागतं, त्यात सामान्य विज्ञानही आलं. त्या अनुभवावर सांगतो, "सिलिंडर असतात ना" हे उत्तर नापासाचं आहे.

जरा हिशेब करू. मोठा माणूस दिवसाला साधारण ८४० ग्रॅम प्राणवायू वापरतो आणि सुमारे एक किलो कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतो. (आमच्या वेळच्या पुस्तकात त्याला कर्बाम्ल वायू म्हणत. मला अजून तेच नाव तोंडात येतं.) दिवसभरात खाल्लेल्या भाकरीचं वजन इतकं भरत नाही. आता हवा आत-बाहेर न जाणाऱ्या खोलीत माणसं कोंडली, तर जवळपास जेवढा प्राणवायू कमी होतो तेवढाच कर्बाम्ल वायू वाढतो. समजा प्राणवायू २१ टक्क्यांवरून १८ वर आला. याचं काही विशेष नाही, महाबळेश्वरच्या उंचीवर फुप्फुसाला जवळपास तेवढाच मिळतो आणि तिथं लोक मजेत स्ट्रॉबेरी खातात. पण तेवढ्याच वेळात कर्बाम्ल वायू जवळपास शून्यावरून ३ टक्क्यांच्या घरात गेलेला असतो. आता डोकं ठणकतं, धाप लागते, विचार अडखळतो. म्हणजे बंद जागेत माणसाला आधी छळतो तो आत येणारा वायू कमी पडल्याचा प्रश्न नव्हे, तर बाहेर टाकलेला वायू साठल्याचा. सिलिंडर आणून तो जात नाही.

एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ च्या तिघांना हे कळलं. त्यांच्या मुख्य यानातली प्राणवायूची टाकी फुटली आणि ते चांद्रयानात येऊन बसले. चांद्रयान दोन माणसांसाठी, दोनेक दिवसांसाठी बनवलेलं. श्वासापुरता प्राणवायू त्यात होता. संपत आले ते कर्बाम्ल वायू शोषून घेणारे लिथियम हायड्रॉक्साइडचे डबे. मुख्य यानात तसे डबे होते, पण ते चौकोनी, आणि चांद्रयानातली भोकं गोल! मग जमिनीवरच्या इंजिनिअरांनी यानातल्याच पिशव्या, पुठ्ठे, नळ्या, चिकटपट्टी यांचा एक जुगाड रचला, रेडिओवरून एकेक पायरी सांगितली आणि तिघं वाचले. लिथियम हायड्रॉक्साइड हे नाव ऐकून घाबरू नका. चुन्याच्या निवळीत नळीनं फुंकर मारली की ती दुधाळ होते, हा प्रयोग तुम्ही सगळ्यांनी केलाय. अल्क कर्बाम्ल वायूला धरून ठेवतो, एवढंच ते तत्त्व. पाचवी-सहावीच्या पोराला समजणारी गोष्ट तीन माणसांच्या जिवाला पुरली.

अंतराळात आणखी एक भानगड असते, ती मला स्वतःला फार आवडते. आपण झोपलो की उच्छ्वासाची ऊबदार हवा आपोआप वर जाते आणि तिच्या जागी थंड हवा येते. माळवदाच्या घराला वर झरोका का ठेवत, तर धूर आणि ऊन हवा वर चढते म्हणून. भारहीन अवस्थेत वर-खाली काही नसतंच, त्यामुळं ऊन हवा कुठं चढतही नाही. झोपलेल्या माणसाच्या तोंडाभोवती त्याचाच उच्छ्वास गोळा होऊन राहू शकतो. भोवती भरपूर प्राणवायू असला तरी तो नाकापर्यंत आणणारं कुणी नाही. म्हणून स्थानकात पंखे सतत चालू ठेवावे लागतात, झोपायच्या कप्प्यातसुद्धा. त्यांची घरघर अंतराळवीरांच्या कानाला कायमची चिकटते. हवेच्या या प्रवाहाची एक गंमत म्हणजे हरवलेली वस्तू शोधायची असेल तर अंतराळवीर आधी हवा आत ओढणाऱ्या जाळीकडं जातात. पेन, चमचा, स्क्रू, सगळं तरंगत तरंगत तिथं येऊन चिकटलेलं असतं.

आणि तिथली हवा शुद्ध असते असं समजू नका. आपल्या शिवारातल्या हवेत कर्बाम्ल वायू ०.०४ टक्क्यांच्या आसपास असतो, स्थानकावर तो याच्या आठ-दहा पट असणं नेहमीचंच. अंतराळवीरांची डोकी दुखायला लागली, तक्रारी आल्या, तेव्हा नासानं आपली मर्यादा खाली आणली. मला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे, की डोकं दुखतंय म्हटल्यावर कुणी "गोळी घे आणि झोप" म्हणालं नाही, मीटरचा आकडा पाहिला. (खिडक्या लावलेल्या वर्गात साठ पोरं कोंडली की तिसऱ्या तासाला सगळी पेंगायला लागतात. त्याला आपण आळस म्हणतो आणि डस्टर आपटतो.) कर्बाम्ल वायू शोषायला तिथं खास खड्यांचे थर आहेत, पाण्याचं विघटन करून प्राणवायू काढतात, बारीकसारीक विषारी वाफांसाठी कोळशाच्या गाळण्या आहेत. एवढंच काय, यानात न्यायची वस्तू आधी बंद भांड्यात ठेवून तिच्यातून कोणती वाफ निघते ते तपासतात. नासाकडं तर वास घेऊन पाहणाऱ्या माणसांचं मंडळ आहे! कारण वर गेल्यावर खिडकी उघडता येत नाही.

हे शहाणपण काही आकाशातून पडलं नाही, माणसं गेली तेव्हा आलं. २७ जानेवारी १९६७ ला अपोलो १ च्या यानाची जमिनीवर चाचणी चालू असताना आत आग लागली. आत निव्वळ प्राणवायू भरलेला होता, तोही बाहेरच्यापेक्षा जास्त दाबानं. ग्रिसम, व्हाइट आणि चॅफी तिघंही गेले. "जास्त ऑक्सिजन म्हणजे जास्त चांगलं" असं समजणाऱ्यांनी ही तारीख लिहून ठेवावी. ३० जून १९७१ ला सोयूझ ११ परत येताना हवेची एक झडप अवेळी उघडली, सगळी हवा निघून गेली. दोब्रोव्होल्स्की, वोल्कोव्ह आणि पात्सायेव्ह तेवीस दिवस अंतराळात राहून येत होते. यान व्यवस्थित उतरलं, दार उघडलं, आत तिघं बसल्या जागी गेलेले. अंगात दाबाचे सूट नव्हते, कारण तीन माणसं सूटसकट त्यात मावत नव्हती. पुढं सूट सक्तीचे झाले. आपले राकेश शर्मा १९८४ मध्ये सोयूझमधून गेले ते तसा सूट घालूनच. आणि शुभांशूंचं उड्डाण अनेकदा पुढं ढकललं गेलं, त्याचं एक कारण स्थानकाच्या रशियन भागातून हवा गळते आहे हे होतं.  

आता आपल्याकडं येऊ. गगनयानाची घोषणा १५ ऑगस्ट २०१८ ला झाली, तेव्हा मुदत २०२२ ची होती. मग ती पुढं पुढं जात राहिली आणि २०२५ मध्ये २०२७ चं लक्ष्य सांगितलं गेलं. उशिराबद्दल मी इस्रोला बोल लावणार नाही, उलट कौतुक करीन, कारण डिसेंबर २०२३ मध्ये गोव्यात मनोहर पर्रीकर विज्ञान महोत्सवात तेव्हाचे इस्रोचे अध्यक्ष सोमनाथ यांनी एक गोष्ट उघड सांगितली. माणसाला यानात जगवणारी यंत्रणा, म्हणजे हवा, तापमान, ओलावा सांभाळणारी, बनवण्याचा आपल्याला अनुभव नाही, आपण रॉकेटं आणि उपग्रहच बनवत आलो. ती बाहेरच्या देशांकडून मिळेल असं वाटलं होतं, पण बोलणी होऊनही कुणी द्यायला तयार झालं नाही, म्हणून आता आपणच करतोय, असं ते म्हणाले. एवढ्या मोठ्या खुर्चीवरून इतकं सरळ बोलणं आपल्या देशात दुर्मीळ.

पण या बातमीत आपल्या सगळ्यांच्या स्वभावाचं चित्र आहे, ते पाहा. विक्रोळीला गोदरेजच्या कारखान्यात विकास इंजिनं तयार होतात, वालचंदनगरला रॉकेटच्या मोटारींची कवचं तयार होतात. मराठी पेपरात अभिमानानं छापून येतं, आणि यायलाच पाहिजे. आग ओकणारं, गर्जना करणारं ते अवघड आणि आपलं आपणच करायचं, असं आपण धरून चाललो. आणि हवा? ती येईल कुठून तरी, विकत मिळेल. हवेला आपल्याकडं किंमतच नाही. "हवेत बोलू नको", "हवा खात बसलाय", "वाऱ्यावर सोडलं", सगळीकडं हवा-वारा म्हणजे काहीच नाही!

आमच्या आज्या-पणज्यांचं मात्र असं नव्हतं. मराठवाड्यात ज्वारी पेवात साठवायची पद्धत होती. तरुण वाचकांसाठी सांगतो, पेव म्हणजे जमिनीखालचं विहिरीसारखं कोठार, वर लहान तोंड, ते लिंपून बंद करायचं. दाणे जिवंत असतात, तेही श्वास घेतात. आतला प्राणवायू ते संपवतात, कर्बाम्ल वायू साठतो, त्यानं किडे मरतात आणि ज्वारी टिकते. फार हुशारीची रचना. पण त्याच हवेनं माणूसही मरतो. म्हणून पेव फोडलं की लगेच कुणाला उतरू देत नसत. तोंड उघडं ठेवायचं, मग दोरीला कंदील बांधून आत सोडायचा, विझला तर थांबायचं. कंदील प्राणवायू १६-१७ टक्क्यांवर आला की विझतो, माणूस तेव्हा अजून शुद्धीवर असतो, म्हणजे सुरक्षिततेला थोडी जागा उरते. मीटर नसलेल्या लोकांचा हा मीटर होता! आणि कंदील सोडायचं काम ठरलेल्या जाणत्या माणसाचं असे. अंतराळयानात जे आहे तेच इथं होतं, आत जाण्याआधी हवा तपासणं आणि ते कुणीतरी आपलं काम मानणं.

पेवं गेली, कंदील गेला. त्याच्या जागी काय आलं? ११ मे २०२३ ला आपल्याच परभणी जिल्ह्यात, सोनपेठ तालुक्यात भाऊचा तांडा इथं शौचालयाच्या सेप्टिक टाकीत सफाईला उतरलेले पाच मजूर गुदमरून मेले. एकमेकांच्या नात्यातले होते. बोरी जिल्ह्याच्या या टोकाला, सोनपेठ त्या टोकाला, दोन-तीन दिवस इथल्या हॉटेलांवर चर्चा झाली. मग मान्सून कधी येणार यावर विषय गेला. पुढच्याच वर्षी, ९ एप्रिल २०२४ ला, ऐन पाडव्याच्या दिवशी, नगर जिल्ह्यात नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावी जुन्या विहिरीत मांजर पडलं. ती विहीर गोबर गॅसची स्लरी टाकायला वापरत. मांजराला काढायला एक उतरला, त्याला काढायला दुसरा, असं करत पाच जण गेले.

पेपरात मथळा तोच. "विषारी वायूने गुदमरून मृत्यू". जणू वायू रस्त्यानं चालला होता आणि यांच्या अंगावर आला! अशा टाकीत काय असतं हे शंभर वर्षांपासून माहीत आहे. मिथेन असतो, कर्बाम्ल वायू असतो, प्राणवायू संपलेला असतो आणि सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड असतो. हा शेवटचा फार कपटी. थोडा असला तर वास येतो, जास्त झाला की नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. माणसाला वाटतं, वास गेला, आता बरं आहे. आणखी एक. गुदमरल्याची जाणीव आपल्याला प्राणवायू कमी झाल्यानं फारशी होतच नाही, ती होते रक्तात कर्बाम्ल वायू वाढल्यानं. नुसता प्राणवायूच नसलेल्या हवेत गेलेला माणूस धडपडतही नाही, दोन-चार श्वासांत खाली बसतो. वरच्याला वाटतं, भोवळ आली, आणि तो उतरतो.

"अहो गुरुजी, अंतराळवीर कुठं आणि टाकी साफ करणारे कुठं," असं मला एका चांगल्या शिकलेल्या गृहस्थानं तोंडावर ऐकवलं. त्यांच्यासाठी एक गोष्ट. १९ मार्च १९८१, केप कॅनव्हेरल. कोलंबिया हे शटल पहिल्या उड्डाणाच्या तयारीत. त्याच्या मागच्या कप्प्यात आग लागू नये म्हणून नत्रवायू भरलेला होता. तालीम संपली, आत जायला हरकत नाही असा निरोप चुकून दिला गेला आणि पाच तंत्रज्ञ आत शिरले. वास नाही, धूर नाही, सगळे कोसळले. एक त्याच दिवशी वारला, दुसरा काही दिवसांनी. जिथं अंतराळवीराच्या नाकाशी जाणारा प्रत्येक श्वास मोजला जात होता, त्याच यानात, त्याच आवारात, कामगाराच्या नाकाशी मीटर नव्हता. पुढं १२ एप्रिलला कोलंबिया थाटात उडालं. त्याचे फोटो सगळ्या जगानं पाहिले. तेव्हा हा फरक शास्त्राचा नाही आणि श्रीमंत देश-गरीब देश असाही नाही. कुणाचा श्वास मोजायचा हे ठरवण्याचा आहे.

कायदा आहे, बरं का. २०१३ चा. सुरक्षासाधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टाकीत उतरवणं हा गुन्हा आहे. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाख केली. चांगलंच केलं. पण मेल्यानंतरचा आकडा ठरला, मरणाआधीचा आकडा, टाकीत प्राणवायू किती टक्के, हा कोण घेतो? खेड्यात टाकीचा मालक एखाद्याला फोन करतो, भाव ठरतो, रात्रीच्या वेळी काम उरकतं. बहुतेक वेळा कुणाला उतरवायचं हे जातीनं आधीच ठरलेलं असतं किंवा गरिबीनं. त्यात हवेची नोंद कुठं बसणार?

आता दुसऱ्या तटाचं बोलणं घेतो, गगनयानाचा पैसा गावाला द्या म्हणणाऱ्यांचं. मला हे पटत नाही. गगनयान रद्द केलं म्हणून सोनपेठच्या टाकीपाशी पंखा येणार नव्हता. अडलंय ते पैशावर नाही. प्राणवायू, मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड असे चार वायू मोजणारं हातात मावेल एवढं यंत्र बाजारात मिळतं, नव्या मोटारसायकलपेक्षा कमी किमतीत. आमच्या गावात मोटारसायकली किती आहेत ते तुम्ही रस्त्यावर उभं राहून मोजा. आणि पहिल्या तटाला सांगणं असं की अभिमान बाळगायचाय ना, मग त्या यानातलं जे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी आहे ते उचला. रॉकेट राहू द्या वालचंदनगरला, मीटर आणा बोरीला.

कंदिलाचं पुन्हा कुणी सुचवेल म्हणून आधीच बजावतो. पेवाला चालत होतं ते सेप्टिक टाकीला आणि गोबर गॅसला चालत नाही. मिथेन पेटतो, स्फोट होतो. आगकाडी, बिडी, कंदील, काही जवळ नको.

येत्या ग्रामसभेत मी लेखी ठराव देणार आहे, कुणी हसलं तरी. गावच्या हद्दीत सेप्टिक टाकी उपसायची ती मशिनच्या गाडीनं, माणूस आत उतरवायचा नाही. जुनी विहीर, गोबर गॅसचा खड्डा, बंद हौद, अशा जागी उतरणं टळतच नसेल तर आधी ग्रामपंचायतीचा मीटर दोरीनं तळापर्यंत सोडायचा, वर, मध्ये आणि खाली असा तीन ठिकाणी आकडा घ्यायचा आणि वहीत लिहायचा. प्राणवायू १९.५ टक्क्यांच्या खाली असेल तर उतरायचं नाही. बाकी तिघांपैकी एकाचाही गजर वाजला तरी नाही. ब्लोअरनं बाहेरची हवा आत मारत राहायची, पुन्हा मोजायचं. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर आणि दोराचं टोक वरच्या दोघांकडं. खालचा पडला तर वरच्यांनी दोर ओढायचा, स्वतः उतरायचं नाही, मग खाली सख्खा भाऊ का असेना. मीटर कपाटात कुलूप लावून ठेवला तर तो नसल्यासारखाच, म्हणून तो पाणीपुरवठ्याच्या माणसाच्या हवाली करावा आणि त्याचा मोबाइल नंबर पंचायतीच्या फळ्यावर रंगवावा. यंत्र ठरल्या मुदतीनं तपासून घ्यावं लागतं, त्यातले सेन्सर दोन-तीन वर्षांनी बदलावे लागतात. तो खर्चही ठरावात आताच धरायचा आहे, कारण आपल्याकडं वस्तू घ्यायला निधी मिळतो, सांभाळायला मिळत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतला तराजू असाच गंजला होता.